मागच्या फाटकापर्यंतची वाट

२ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. कामाला शिस्त हवी. एकतीस वर्षं कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. ज्या कामाची लेखी नोंद नाही ते काम झालंच नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. आता स्वतःला सांगतोय.

परिस्थिती अशी : ही काही दिवसांसाठी बहिणीकडे गेली आहे. कुठल्याशा हॉटेलच्या पडद्यांची मोठी ऑर्डर आहे. बहिणीच्या घराजवळ एक गाळा भाड्याने घेतलाय, तिथे जागा ऐसपैस आहे. ऑर्डर संपली की परत. भांडण वगैरे काही नाही. जाताना दारात थांबून चक्क 'येते' म्हणाली. मी स्वतः ऐकलं.

शिवाय हिची दोन्ही शिलाई मशिनं आणि कापड बेतायचं मोठं टेबल मागच्या खोलीतच आहे. जिची मशिनं इथे, तिचं मनही इथेच. साधा हिशोब.

राहिली फक्त एक गोष्ट. मागच्या खोलीपासून मागच्या फाटकापर्यंतची वाट. तिच्यावर रान माजलंय. हिची गिऱ्हाइकं त्या फाटकातून यायची, आणि जाताना पडद्यांना कुसळं लागायची. पांढऱ्या पडद्याला लागली की मग विचारू नका. ही चष्मा लावून एकेक वेचत बसायची. वाट तेवढी मोकळी करून द्या, असं अधूनमधून म्हणायची. मी कधी नाही म्हणालो नाही. बाहेरचा माणूस लावते म्हणाली तेव्हा मात्र अडवलं. पायात बूट नाही, डोळ्याला गॉगल नाही, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? औषध फवारते म्हणाली, तेही अडवलं. मी स्वतः योग्य पद्धतीने करणार होतो. योग्य पद्धत तेवढी ठरायची होती.

आता ठरवणार. ही येईल तेव्हा वाट तयार. बघतच राहील.

३ सप्टेंबर, दुपार

साधनाची निवड. दोरी गरगर फिरवणारं ते मशीन बाद. दगड उडतात, डोळे जातात, त्यावर मी स्वतः दोन पोस्टर काढलेली आहेत. साधा विळा बाद. वाकावं लागतं, आणि माझी कंबर वाकण्याच्या विरोधात आहे.

शेवटी मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. लांब दांड्याचा विळा! माणसाच्या उंचीचा दांडा, धरायला दोन मुठी, खाली हातभर लांब वाकडं पातं. ऐंशीचे एक आजोबा अंगण झाडावं तसे उभ्या उभ्या गवत कापत चालले होते. घाम नाही, धाप नाही. वर शीळ घालत होते.

ऐंशीच्या माणसाला जमतं म्हणजे माझ्यासारख्या टेक्निकल माणसाला अर्ध्या तासात जमेल. ऑर्डर केला. आल्यापासून चार दिवसांत काम पूर्ण, असं धरून चालतो.

७ सप्टेंबर

विळा आला. माहितीपत्रकातली भाषा अनोळखी, पण चित्रं होती. जोडला. हेल्मेट, गॉगल, चामड्याचे हातमोजे, सेफ्टी बूट चढवले. फाटकाला 'काम चालू आहे' अशी पाटी लावली. कामगारांना रोज द्यायचो ते पाच मिनिटांचं भाषण स्वतःलाच दिलं. कुणीही जांभई दिली नाही.

मग भर दुपारी बारा वाजता सुरुवात. पहिला वार, पातं जमिनीत. दुसरा वार, पातं जमिनीत. तिसऱ्याला गवत अदबीने वाकलं आणि पातं पुढे गेल्यावर पुन्हा उभं राहिलं.

कुंपणापलीकडून शिट्टीबाई बघत होत्या. शेजारीण. शाळेत पीटी शिकवायच्या. रिटायर झाल्या तरी गळ्यातली शिट्टी काही गेली नाही. हिची जिवलग मैत्रीण. विचारत होत्या की माशा मारताय का. मग म्हणाल्या, मुठी उलट्या बसवल्यात. ते मला माहीत होतं. उलट बसवल्या तर काय होतं ते मी तपासत होतो.

८ सप्टेंबर

मुठी सुलट केल्या. पाठ धरली आहे. विश्रांती. विश्रांती हासुद्धा कामाचाच भाग असतो, हे लोकांना कळत नाही.

१० सप्टेंबर

दोष माझ्यात नाही, धारेत आहे. विळा बोथटच येतो म्हणे, धार आपण लावायची. आणि एकदा लावून भागत नाही, कापता कापता थांबून पुन्हा पुन्हा पातं ओल्या दगडाने घासायचं. त्यासाठी दगड पाण्याच्या डब्यात, आणि डबा कमरेला.

डबा बांधला. पहिल्याच झोक्याला सगळं पाणी पँटवर. शिट्टीबाई नेमक्या कुंपणाशी. म्हणाल्या, या वयात व्हायचंच, डॉक्टरांना दाखवा. मी सविस्तर खुलासा केला. खुलासा जितका सविस्तर, तितका त्यांचा चेहरा कनवाळू होत गेला.

संध्याकाळी लेकीचा फोन. सांगितलं की आता रोज सकाळी उठून धार काढावी लागणार. ती किंचाळलीच, बाबा, म्हैस घेतलीत की काय! खूप हसलो. बऱ्याच दिवसांनी. हसता हसता स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, अगं, ऐकलंस का, लेक काय म्हणतेय!

लेकीने हळूच विचारलं, आईशी बोलणं होतं का. म्हटलं, ती कामात असते, मी डिस्टर्ब करत नाही.

१३ सप्टेंबर

नुसत्या दगडाने भागत नाही, असं कळलं. पात्याची कड आधी छोट्या ऐरणीवर हातोडीने ठोकून कागदासारखी पातळ करायची, मग दगड. दुपारभर ठोकली. मला कुठलंही काम अर्धवट केलेलं खपत नाही, म्हणून आणखी ठोकली. कडेला आता लाटा आल्या आहेत, हिच्या पडद्यांच्या झालरीसारख्या. दिसतं सुरेख. कापत काहीच नाही.

१४ सप्टेंबर

पातं खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्याकडे नेलं. त्याने असा विळा जन्मात पाहिला नव्हता, पण नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नाही. असे लोक मला आवडतात. त्याने फिरत्या चाकावर पातं धरलं, भरपूर ठिणग्या उडाल्या, कड निळी निळी झाली. दोघांनाही फार आवडली.

१५ सप्टेंबर

निळी म्हणजे वाईट. चाकावर तापून पात्याचं पाणी उतरलं. आता कितीही घासा, धार धरणार नाही. नवं पातं मागवलं. उशिराचं कारण : पुरवठादार.

पूर्वी उशिराचं कारण सांगितलं की ही काही बोलायची नाही. फक्त मागच्या खोलीत मशीनचा आवाज वाढायचा. आज घरात कसलाच आवाज नाही. फ्रिज चालू आहे ना, ते दोनदा जाऊन बघून आलो.

१९ सप्टेंबर

नवं पातं आलं. जोडतोय तोवर शिट्टीबाई पुढच्या दाराने सरळ आत. म्हणाल्या, तुमचं हे रोजचं बघवत नाही. माझ्या मोबाइलवर तो आजोबांचा व्हिडिओ एकदा बघितला आणि विळा बाजूला ठेवून झाडू घ्या म्हणाल्या. मग अंगणात कवायत. शिट्टीवर. हात नाही, कंबर फिरवा. वजन उजव्या पायावरून डाव्या पायावर. पातं उचलायचं नाही, जमिनीवर टेकवूनच फिरवायचं. हावरटासारखं हातभर गवत घ्यायचं नाही, वीतभरच घ्यायचं. मी म्हटलं, थिअरी मला माहीत आहे. त्यांनी शिट्टी वाजवली.

मध्येच थांबवून विचारलं, हा सगळा खटाटोप कशासाठी? म्हटलं, ही परत यायच्या आत वाट मोकळी व्हायला हवी. बाई शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या. मग विचारलं, परत येणार असं ती म्हणाली का? म्हटलं, हो, जाताना 'येते' म्हणाली. त्यावर म्हणाल्या, अहो सेफ्टीसाहेब, ते सगळेच म्हणतात. मी रिटायर झाले त्या दिवशी शाळेच्या शिपायालाही येते म्हणूनच निघाले. गेले का परत? निघताना तोंडावर जाते असं कुणी म्हणतं का?

बाईंचं उदाहरण इथे लागू होत नाही. शाळा ही संस्था आहे. मी नवरा आहे.

२० सप्टेंबर

झोप नीट लागली नाही. पाठीमुळे.

२३ सप्टेंबर, सकाळी लवकर

जमलं!

माझी वेळच चुकत होती. गवत उन्हात चिवट होतं. सकाळी दव असताना कापायचं, ओल्या गवतात पातं सरकतं. आज उजाडताच गेलो. दगड ओला केला, पात्याच्या टाचेपासून टोकापर्यंत, आलटून पालटून दोन्ही बाजूंनी फिरवला. कंबर वळवली. सर्र असा आवाज झाला आणि गवताचा एक अर्धा चंद्र माझ्या पायाशी मुकाट्याने आडवा झाला. पुन्हा वळलो. पुन्हा सर्र. मी काहीच केलं नाही, असं वाटत होतं.

दहा पावलं गेलो असेन. वळून मागच्या खोलीच्या खिडकीकडे बघितलं. तिथे ही बसते, डोळ्यावर चष्मा, तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात धरू नकोस, गिळशील, हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल. खिडकी बंद होती. मला एकदम रडू आलं. का आलं कळलं नाही. गॉगल आतून धुरकट झाला. कामाच्या ठिकाणी गॉगल धुरकट होणं धोक्याचं, म्हणून थांबलो.

२६ सप्टेंबर

खण्ण! पात्याला दात पडला. खाली बघतो तर विटा. वाटेच्या दोन्ही कडांना, एकीला एक टेकवून, तिरक्या बसवलेल्या. दाते दाते असलेली छान कड. ही कुणी लावली? शिट्टीबाईंना विचारलं. म्हणाल्या, तिनेच, दुसरं कोण! तुम्हाला तेव्हा रात्रपाळी होती. दिवसभर झोपायचात, म्हणून ती आवाज न करता एकेक वीट हाताने दाबून बसवायची.

मला कुणी कळवलं नाही. कळवलं असतं तर मी हातमोजे दिले असते.

पात्याचा दात दगडाने घासून काढला. धार आता नखावर लावून बघतो. नख बोलतं.

३० सप्टेंबर

गवतात सापडलेल्या वस्तू : मापाची टेप, अर्धी. दोऱ्याची रिळं, बरीच. कुणा गिऱ्हाइकाची एक चप्पल. आणि एक पाटी, मातीत तिरकी रुतलेली : 'पडदे शिवून मिळतील', खाली बाण. बाण जमिनीकडे दाखवत होता.

पाटी धुतली, रंगवली, फाटकाला चार स्क्रूंनी घट्ट बसवली. आता वादळ आलं तरी हलायची नाही.

शिट्टीबाई कुंपणाशी उभ्या होत्या. आज शिट्टी नाही, टोमणा नाही. एवढंच म्हणाल्या की तुम्हाला हे खरंच येतंय की हो. मी म्हटलं, हिला सांगा तसं. म्हणाल्या, सांगेन.

३ ऑक्टोबर

हिचा फोन! स्वतःहून!

पोहे खात होतो, घास तसाच तोंडात. म्हणाली, बाईंकडून कळलं, मागची वाट मोकळी करताय, खरं का? म्हटलं, निम्म्याहून जास्त झाली. मग हिने विचारलं, फाटकापासून खोलीपर्यंत गाडी येईल का? म्हटलं, येईल की, आरामात येईल. मग म्हणाली, अकरा तारखेला येते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, सामानाचं काय? म्हणाली, सामानाचंच तर बघायचंय.

गाडी करून. सामानासकट. ऑर्डर संपलेली दिसते. जेवायला काय करू ते विचारायचं राहिलं.

मी उगाच काळजी करत होतो असं नाही. मी काळजी करतच नव्हतो.

५ ऑक्टोबर

लेकीचा फोन. आई अकरा तारखेला येतेय हे तिलाही माहीत आहे. म्हणाली, बाबा, आई कशासाठी येतेय ते तुम्हाला कळलंय ना नीट? म्हटलं, कळलंय. म्हणाली, नाही, मला वाटत नाही तुम्हाला कळलंय. मी पण यायला हवं का? म्हटलं, तू कशाला दगदग करतेस, आम्ही दोघं पुरेसे आहोत. ती आणखी काहीतरी सांगत होती. नेटवर्क गेलं. म्हणजे मी फोन खिशात ठेवला.

फाटकाजवळचा काटेरी भाग राहिलाय. रोज सकाळी दोन तास, संध्याकाळी धार. पाठ म्हणजे नुसती फळी झालीय. पण आता थांबणं नाही.

९ ऑक्टोबर

झाली. वाट झाली!

खोलीच्या पायरीपासून फाटकापर्यंत सरळ, स्वच्छ, दोन्हीकडे हिच्या विटा. कापलेलं गवत उचललं. चालून बघितलं. मग बूट काढून अनवाणी चालून बघितलं. सेफ्टीच्या दृष्टीने हे चूक आहे, पण एकही कुसळ लागलं नाही. मग एक पांढरी चादर आणली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जमिनीवरून ओढत नेली. पडद्याची चाचणी. चादर तपासली. शून्य कुसळं.

शिट्टीबाईंना चादर दाखवली. बाईंनी चादर हातात घेतली, बराच वेळ घडी घालत राहिल्या आणि तोंड फिरवून घरात गेल्या. सर्दी झाली असावी.

१० ऑक्टोबर

खोली झाडली. दोन्ही मशिनांना तेल. खिडकी उघडी टाकली. टाचण्यांसाठी एक लोहचुंबकाची डबी आणलीय, म्हणजे तोंडात धरायला नकोत. दाढी उद्या सकाळी.

हिला काय म्हणायचं ते ठरवलंय. काही म्हणायचं नाही. नुसतं मागचं दार उघडायचं आणि बाजूला व्हायचं.

११ ऑक्टोबर, संध्याकाळ

नोंद करायलाच हवी म्हणून करतो.

मागच्या फाटकाशी हॉर्न वाजला. गाडी म्हणजे टेम्पो. ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेली. बारीक झालीय. मी म्हटलं, वा, सामान बरंच दिसतंय. टेम्पो उलटा आत घ्यायचा होता. गाडी मागे घेताना मागे माणूस उभा हवाच, हा नियम आहे. मीच उभा राहिलो. दोन्ही हातांनी खुणा केल्या, येऊ द्या, येऊ द्या, थोडं डावीकडे, विटा सांभाळा, येऊ द्या, बास. अगदी पायरीला लागली गाडी. ड्रायव्हरने खाली उतरून मागचा फाळका उघडला.

टेम्पो रिकामा होता.

मी आत बघत राहिलो. मला वाटलं, सामान मागच्या गाडीत असेल. ड्रायव्हर म्हणाला, काका, वाट एकदम मस्त केलीत. मागे ताईंनी मला जागा दाखवायला आणलं होतं तेव्हा म्हटलं होतं, टेबल पुढच्या दारातून निघायचं नाही आणि या रानातून गाडी यायची नाही. आता बघा, दहा मिनिटांचं काम.

दहा मिनिटांचंच होतं. दोन मशिनं, टेबल, कापडाचे तागे. टेबलाचं एक टोक मीच धरलं. जड वस्तू उचलताना गुडघ्यात वाकायचं, पाठीत नाही, हे ड्रायव्हरला सांगितलं. हिने फाटकाच्या पाटीसाठी स्क्रूड्रायव्हर मागितला. स्क्रू निघेनात, फार घट्ट बसवलेत, असं म्हणाली. मी काढून दिले. चारही.

मग ही वाटेवरून एकटीच फाटकापर्यंत गेली आणि परत आली. सावकाश. एका विटेला हात लावावा तसा पाय लावला. माझ्याजवळ येऊन म्हणाली, छान केलीत. मनापासून म्हणाली, ते मला कळतं. आणि विचारलं, किती दिवस लागले हो?

माझ्या मनात आलं, हीच वेळ आहे. आपण काय करू शकतो ते हिला दिसू दे. म्हटलं, तीन आठवडे. हिने मान हलवली. तेवढ्याने समाधान झालं नाही माझं. म्हटलं, तीन तरी कशाला, मनात आणलं असतं तर दोनच लागले असते.

ही पायरीवर बसली. टेम्पोचं इंजिन चालू होतं. ही फक्त म्हणाली, मनात आणलं असतं तर. मग पुन्हा एकदा तेच म्हणाली. आवाज चढवला नाही. रडलीही नाही. मी पाणी आणू का विचारलं. नको म्हणाली. थोड्या वेळाने गुडघ्यावर हात ठेवून उठली, आणि जेवलात का, असं विचारलं. मी हो म्हटलं. जेवलो नव्हतो. जेवण दोघांचं केलं होतं.

गाडी निघताना मागे माणूस लागत नाही. तरी मी उभा होतो.

लोहचुंबकाची डबी द्यायची राहिली.

१२ ऑक्टोबर, सकाळ

शिट्टीबाई दूध देऊन गेल्या. बसू का म्हणाल्या. नको म्हटलं.

मागच्या खोलीत जाऊन आलो. टेबलाच्या चार पायांचे चार डाग आहेत, बाकी फरशी. लेकीचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही. माझं कामात लक्ष लागत नाही, कारण काम नाही. मला ही घरात हवी आहे. बाकी मला काही म्हणायचं नाही. वाट मोकळी असो, नसो. कुसळं लागली तर मी काढीन बसून, एकेक.

१२ ऑक्टोबर, दुपार

कुठे चुकलं ते सापडलं! आकडा चुकीचा सांगितला. तीन आठवडे लागलेच नाहीत, जवळजवळ पाच लागले. म्हणजे मी मनात आणलं होतं. पुरेपूर आणलं होतं, तरीही पाच लागले. काम खरंच अवघड होतं. हे हिला कळलं तर तिचा गैरसमज दूर होईल. चुकीची माहिती दुरुस्त करणं माझं कर्तव्यच आहे.

फोन केला. उचलला नाही. मेसेज टाकला : दोन नाही, तीनही नाही, पाच आठवडे लागले. मनात आणूनसुद्धा. पातं दोनदा गेलं. पाठही गेली.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळ

उत्तर आलं. पाठ शेका, एवढंच.

म्हणजे वाचलं तर. काळजी आहे. शेकायची रबरी पिशवी स्वयंपाकघरात नाही. कपाटात नाही. पलंगाखाली बघितलं. पिशवी कुठे ठेवली आहेस, असा मेसेज लिहायला घेतला. निम्मा लिहिला आणि लक्षात आलं, तिचे कपडे होते तो खणही रिकामा आहे. पिशवी त्यातच असायची. मेसेज पुसला. पाणी तापवून ठेवलं होतं, त्याचा चहा केला.